पेव उसासतं तेव्हा

आमच्या घरामागे, गोठा आणि डोंगराचा उतार यांच्या मध्ये, एक बंद पेव होतं. आताच्या पोरांना पेव म्हणजे काय हे सांगावं लागतं, म्हणून सांगतो. जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार. तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं आणि खाली पोट घागरीसारखं फुगलेलं. आतून शेणामातीनं सारवायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर दगडी चीप ठेवायची आणि कडा चिखलानं लिंपून टाकायच्या. दाणा आत वर्षानुवर्षं टिकतो, पण कोंडलेली हवा माणसाला टिकू देत नाही. म्हणून चीप काढली की पेव अर्धा दिवस उघडं ठेवायचं आणि उतरण्याआधी दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडायचा. कंदील तेवत राहिला तर उतरायचं, विझला तर नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत घरोघर हीच रीत होती. आमच्या पेवात माझा धाकटा चुलता, नामाकाका, उतरला आणि जिवंत वर आला नाही. मी तेव्हा पाळण्यात होतो. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसऱ्या दिवशी चीप बसवली ती कायमची. काका कसा गेला, का गेला, यावर घरात कुणी बोलत नसे. विचारलं तर दादा उठून बैलांकडे जायचे आणि आई चुलीत उगाच लाकूड सारायची.

माणसं बोलत नसत, पण पेव बोलायचं. वर्षातून दोनदा, कधी तीनदा, चिपेच्या कडेच्या भेगेतून आवाज यायचा. मोठा नव्हे. रिकाम्या शंखाच्या तोंडावर वारा घासावा तसा, लांबलेला, मध्येच थांबणारा. आमचं पेव खाली मुरुमातल्या कुठल्याशा मोठ्या फटीला लागलेलं असावं, असं मी आज म्हणतो. लहानपणी मी हे म्हणत नव्हतो. लहानपणी आई म्हणायची तेच खरं होतं, "भावजी उसासत्यात." त्या दिवशी ती चिपेवर भाकरीचा चतकोर आणि एक पणती ठेवायची. पणतीची ज्योत भेगेपासून दूर, बाहेरच्या अंगाला कललेली असायची, जणू आतून कुणी हलकेच फुंकतंय. आम्हाला त्या दिवशी गोठ्यामागे जायची बंदी. मी गोठ्याच्या कुडातून बघायचो. ज्योत कलायची, सरळ व्हायची, पुन्हा कलायची. माझ्या मानेवर काटा यायचा, तरी डोळा हलायचा नाही.

पुढे मी पुण्यात शिकलो. आमच्या पाच गावांत पहिला बी.एस्सी. मी. हे मी आजही सांगतो आणि कुणाला टोचत असेल तर टोचू दे. दिघीच्या डोंगरापलीकडच्या वाटेनं पायी जाऊन, उपाशीपोटी, दुसऱ्याची पुस्तकं उतरवून काढून मिळवलेली पदवी आहे ती. पदवीबरोबर मी एक गोष्ट घरी आणली नाही, ती म्हणजे पेवाची भीती. ती मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ठेवून आलो, असं मला वाटत होतं.

नोकरी लागली तीही दारातच. लढाईच्या दिवसांत गोऱ्यांनी आमच्या डोंगराच्या पलीकडच्या माळावर एक धावपट्टी बांधली होती. लढाई संपली, गोरे गेले, पट्टी राहिली. तिथं एक लहान विमान येऊन-जाऊन असे, आठ-दहा माणसं आणि टपालाच्या थैल्या घेऊन. पट्टीच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत वायरलेसचं यंत्र, दुसरीत हवामानाची. छपरावर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या फिरायच्या, अंगणात तापमापकं ठेवलेली पांढऱ्या झडपांची पेटी, आत भिंतीवर हवेचा दाब दाखवणारा पाऱ्याचा बॅरोमीटर. गावानं तिला नाव दिलं होतं वाऱ्याची कोठी, आणि मला वाऱ्याचा तलाठी. दादा पारावर सांगायचे, "आमी दानं मोजतो, आमचा ग्रॅज्वेट वारं मोजतो. दोनी उडूनच जानार." पण हे बोलताना त्यांचा फेटा जरा ताठ व्हायचा, ते मला दिसायचं.

वरिष्ठ निरीक्षक होते रेगे. मालवणकडचे, पन्नाशीचे, सडपातळ, समुद्रावर वाढलेले. त्यांचा एकच हट्ट, पारा तीनदा वाचायचा आणि मग एकदा लिहायचा. आधी तापमान बघायचं, मग नळीला नखानं हलकी टिचकी मारायची, डोळा पाऱ्याच्या पातळीला आणायचा, वाचायचं. पुन्हा वाचायचं. पुन्हा वाचायचं. मला हे देवपूजेसारखं वाटायचं आणि देवपूजेचा मला तेव्हा कंटाळा होता. कारण पाऱ्याची चाल मला पाठ झाली होती. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी आपल्याकडच्या हवेलाही असते. सकाळी दहाच्या सुमाराला पारा चढतो, दुपारी चारला उतरतो, रात्री पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. पाऊस असो, ऊन असो, लग्न असो, मयत असो. दिवसातून दोन श्वास. वर्षभर वह्या भरल्यावर साडेआठच्या आकड्यावरून दहाचा आकडा मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकत होतो आणि तो क्वचितच चुकायचा.

या आकड्याचा उपयोग काय, असं दादांनी एकदा विचारलं होतं. त्यांना सांगितलं तेच इथं सांगतो. वैमानिकासमोर उंची दाखवणारं जे घड्याळ असतं ते मुळात बॅरोमीटरच असतं. हवेचा दाब किती कमी झाला त्यावरून ते सांगतं की आपण जमिनीपासून किती वर आहोत. पण जमिनीवरचा दाब रोज बदलतो, म्हणून उतरण्याआधी वैमानिक वायरलेसवर विचारतो, आज दाब किती? आणि आपण सांगू तो आकडा लावून घड्याळ जुळवून घेतो. आकडा एका मिलिबारनं चुकला की विमान जवळजवळ तीस फुटांनी चुकलं. आम्ही जास्त सांगितला तर घड्याळ म्हणणार वर आहेस, आणि विमान असणार खाली. उघड्या दिवशी वैमानिक डोळ्यांनी बघतो. ढगात त्याला डोळे नसतात. तिथं आमचा आकडाच त्याचे डोळे. दादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंजी तुमी कागदावर डोंगर हलवता."

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली होती. ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडून दाणा दुधात आला होता. हे दिवस आमच्याकडे कोरडे, थंड, निळे असतात. आई पहाटे जात्यावर बसलेली, चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटतंय, आणि वारा पश्चिमेचा असला की कासारवाडीच्या गाडीची शिटी थेट चुलीपर्यंत येतेय, हे आमचं नेहमीचं. त्या दिवशी जाग आली ती जातं थांबल्यामुळे. आई मागच्या दारात उभी होती. दादांची घोंगडी तिनं डोक्यावरून घेतली होती.

"सदा," ती म्हणाली, "पेव उसासतंय."

"उसासू दे. वाढ मला, पाहुणे येणार आहेत कोठीवर."

"आज न्हेमीसारखं न्हाई. रातभर थांबलंच न्हाई त्ये. आज नगं जाऊ कामाला."

मी हसलो. मी काय म्हणालो ते मला शब्दान् शब्द आठवतंय आणि आठवलं की आजही कानशिलं गरम होतात. मी म्हणालो, "आये, भुतं घाबरवतात ती अडाण्यांना. मी सरकारी बॅरोमीटर वाचतो." दादा कोपऱ्यात माडगं पीत होते. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि उठून बैलांकडे गेले. आईनं मला भाकरी आणि कारळ्याची चटणी बांधून दिली आणि एका पणतीत तेल ओतायला घेतलं.

बाहेर उजाडलं होतं, पण उजेड नीट नव्हता. हळदीचं पाणी अंगावर ओतल्यासारखा पिवळा. डोंगराचा माथा ढगात गेलेला आणि ढग खाली, आमच्या छपराच्या जरा वर, स्थिर. पानही हलत नव्हतं. गाडीची शिटी झाली ती कुठल्या दिशेनं आली ते कळेना. ती माझ्या बाजूलाच, शेतात, कमरेच्या उंचीवर झाल्यासारखी वाटली. धावपट्टीवर पोचलो तर पट्टीवर घारी बसलेल्या. पन्नास-साठ तरी असतील. सगळ्या जमिनीवर, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, नैर्ऋत्येला. मी त्यांच्यातून सायकल ढकलत नेली. एकही उडाली नाही. एकीनं फक्त मान वळवून माझ्याकडे बघितलं.

रेगे दारातच उभे होते. "तार बंद, टेलिफोन बंद," ते म्हणाले. "रात्रीपासून कोकणातून एक अक्षर नाही. असं मी लहानपणी एकदाच बघितलंय रे, आणि तेव्हा सकाळी आमच्या होड्या माडांत अडकलेल्या मिळाल्या." पारा आदल्या संध्याकाळपासून उतरत होता. साडेआठचं रीडिंग आम्ही दोघांनी घेतलं. नेहमीपेक्षा बरंच खाली. रेग्यांनी सायकल काढली. कासारवाडीच्या स्टेशनात रेल्वेची वेगळी तार होती, तिथून काही कळतंय का ते बघायला निघाले. जाता जाता म्हणाले, "हैद्राबादेहून विमान निघालं असेल. मी येईपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासानं पारा बघ. अंदाज नको, बघ."

मी हो म्हटलं. नऊला बघितला, थोडा उतरला होता. साडेनऊला बघणार, तेवढ्यात पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे चाकणचे अण्णा आणि त्यांचा पुतण्या. कांद्याचे व्यापारी. त्यांच्या मुलीसाठी मला बघायला आले होते आणि मुलगा घरी बघायचा नाही, कामावर बघायचा, असा अण्णांचा आग्रह होता. सत्तरीचा माणूस, हात फावड्यासारखे. खुर्चीत बसले नाहीत, आधी सगळी कोठी फिरून बघितली. झडपांच्या पेटीत डोकावले. वाट्यांकडे बघून म्हणाले, "ह्या तर थांबल्यात की राव. आज वाऱ्याची सुट्टी?" पलीकडच्या खोलीतला वायरलेसवाला डिकुन्हा हसला. मी चहा ठेवला. आणि मग मला चेव आला. दाब म्हणजे काय, विमान म्हणजे काय, हवेची भरती-ओहोटी म्हणजे काय, सगळं सांगत सुटलो. पुतण्या तोंड उघडं टाकून ऐकत होता. घड्याळात दहाला दोन मिनिटं होती.

"आता दहाला पारा चढलेला असणार," मी म्हणालो. "बघायचीसुद्धा गरज नाही. मी इथं बसून सांगतो." आणि मी वहीत दहाच्या रकान्यात, बॅरोमीटरकडे पाठ करून, शाईनं आकडा लिहिला. साडेआठचा आकडा, अधिक रोजचा चढ. नऊला पारा उतरलेला मी स्वतः बघितला होता, तरी म्हटलं दहाची भरती आहे, ती येणारच, तिला कोण अडवणार. तोच आकडा चिठ्ठीवर उतरवून खिडकीतून डिकुन्हाला दिला.

अण्णा पुढे वाकले. "न बघता?"

"न बघता."

"मग आता बघा की एकदा. जुळतंय का ते आमालाबी कळंल."

"अण्णा, रोज उगवणारा सूर्य कुणी बघून खात्री करतं का?"

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "आमचा धंदा येगळा हाय सदाशिवराव. मी गोनी वरनं बघून कंदी घेतली न्हाई. तळात हात घालतो. वरचा कांदा हसतोच." पुतण्या हसला. मीही हसलो. उठलो मात्र नाही. तीन पावलांवर बॅरोमीटर होता.

त्यानंतर पाऊण-एक तास मी बोलतच होतो. काय बोलत होतो देव जाणे. मध्येच डिकुन्हाच्या खोलीतून खरखर ऐकू आली, विमान जवळ आलं होतं, वैमानिकानं दाब विचारला आणि डिकुन्हानं माझी चिठ्ठी वाचून दाखवली. मी माझा आकडा इंग्रजीत, यंत्रातून जाताना ऐकला आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग विमानाचा आवाज आला. उघड्या दिवशी आवाज वरून येतो. हा समोरून आला. डोंगराच्या बाजूनं, ढगाच्या पोटातून, जात्यासारखा घरघरत, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. पट्टीवरच्या सगळ्या घारी एकदम उठल्या आणि आवाज न करता आमच्या छपरावरून गेल्या.

"लई खाली हाय की ह्ये," अण्णा म्हणाले.

मी बॅरोमीटरकडे धावलो. टिचकी मारली नाही, तापमान बघितलं नाही. गरज नव्हती. नळीत जिथं पारा असायला हवा होता तिथं मोकळी काच होती. पारा कुठंतरी खाली, मी कधीच न बघितलेल्या रेषेवर उभा होता. त्याचा माथा चढताना फुगतो तसा फुगलेला नव्हता, उतरताना बसतो तसा चपटा होता. मी बघत असतानाही उतरत होता. सात मिलिबार, कदाचित जास्त. ढगात उतरताना डोंगराच्या माथ्यावर तीनशे फूट राखून यायची पद्धत होती. त्यातले दोनशेच्या वर मी चहा पिता पिता खाल्ले होते, आणि उरलेले वादळाचा खाली दाबणारा एक झोत सहज खाणार होता.

"डिकुन्हा! दाब चुकलाय! त्याला वर घे!" मी ओरडलो. डिकुन्हा यंत्रात ओरडायला लागला. नवा आकडा, पुन्हा नवा आकडा. उत्तर नाही. नुसती खरखर. आवाज डोंगरात शिरला आणि बंद झाला.  त्या विमानात आठ माणसं होती, आणि डोंगराच्या त्या उतारावर माझं घर होतं. आई पणती घेऊन गोठ्यामागे गेलेली असणार, हे मला तेव्हा, त्या क्षणी आठवलं.

मग आवाज आला. वेगळ्या जागी, वर, इंजिनं पिळवटून काढल्यासारखी. आणि यंत्रातून वैमानिकाचा आवाज, पातळ, घाईचा. तो वर निघाला होता. माणसं सुरक्षित होती. तो चक्कर मारून पूर्वेकडून, ढग जरा उंच होता तिकडून, नवा आकडा लावून उतरला. चाकं टेकली आणि पाठोपाठ पाऊस आला, असा आडवा की पट्टीचं दुसरं टोक दिसेना.

वैमानिक तरुण पंजाबी होता. खोलीत आला, टोपी काढली, पाणी मागितलं. गेलास दोन्ही हातांनी धरला. कुणी दाबाबद्दल काही विचारायच्या आधी त्यानंच विचारलं, "उस पहाड़ पर कौन रहता है?"

"का?" मी म्हणालो.

"बादल ज़रा सा फटा, और मेरी खिड़की के बराबर में एक आदमी खड़ा था. हाथ में लालटेन. भागा नहीं, हिला तक नहीं. बस मेरी तरफ़ देख रहा था. मैंने स्टिक खींच ली." आणि डिकुन्हाकडे वळून म्हणाला, "तुम्हारी आवाज़ तो बाद में आई."

आज त्या उतारावर एका कंपनीचं गोदाम आहे. फरशी घालताना पेव बुजवलं म्हणतात. मी मागे एकदा सहज गेलो होतो तर तिथला रखवालदार, परभणीकडचा पोरगा, मला म्हणाला की पावसाळ्यात कधी कधी कोपऱ्यातल्या फरशीखालून शिट्टी वाजते, कंपनीनं दोनदा नळ तपासले. मी त्याला हवेच्या दाबाचं सगळं समजावून सांगितलं. बाहेरचा दाब उतरला की जमिनीच्या पोटातली हवा फटींतून बाहेर येते, त्यात भिण्यासारखं काही नाही. तो हो हो म्हणाला. मी निघताना म्हणाला, "पन काका, वाजती तवा मी तिकडं जात नाही." मी म्हटलं, बरं करतोस.

त्या दिवशी रेगे दुपारी आले, नखशिखांत भिजलेले, हातात तारेचा कागद. वादळ पहाटे किनाऱ्यावर चढलं होतं आणि घाट ओलांडून आमच्या रोखानं येत होतं. पाऊस थांबेना म्हणून अण्णा आणि पुतण्या अजून कोठीतच होते. रेग्यांनी वही उघडली, दहाचा रकाना बघितला, बॅरोमीटर बघितला, डिकुन्हाची नोंद बघितली. त्यांना सगळं कळलं असावं. तरी ते हळू आवाजात म्हणाले, "वाचताना चुकलास ना? गडबडीत पाच अधिक वाचले जातात कधी. माझ्याकडूनही झालंय."

सुटकेचं दार त्यांनी उघडं ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. नोकरीत मी अजून कायम नव्हतो. अण्णा बाकावर बसून माझ्याकडे बघत होते, गोणी बघतात तसे.

"चुकलो नाही साहेब," मी म्हणालो. "बघितलंच नाही."

रेग्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग पेन माझ्यापुढे ठेवलं. आमच्या खात्यात चुकीचा आकडा खरवडून काढायचा नसतो, एक रेघ मारून वर खरा लिहायचा आणि शेऱ्यात कारण. मी लिहिलं, "न पाहता लिहिले." खाली सही, बी.एस्सी. सकट, कारण तशीच करायची सवय होती. ते बी.एस्सी. त्या ओळीखाली कसं दिसलं, ते मी विसरलेलो नाही. रेग्यांनी वर खरा अहवाल पाठवला. माझं कायम होणं लांबलं आणि महिनाभर त्यांनी मला पाऱ्याजवळ फिरकू दिलं नाही. चाकणहून आठवड्यानं निरोप आला. अण्णा म्हणत होते, पोरगा खरा हाय, पर मुलगी द्यायची ती तळ बघनाऱ्याला. मला राग आला नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. पाऊस ओसरला होता, वारा फिरून पश्चिमेचा झाला होता, ज्वारी झोपली होती. दादा पडलेल्या कुडाला टेकू देत होते. आई गोठ्यामागे, घोंगडी पांघरून, चिपेजवळ बसलेली. कितीतरी वर्षांनी मी तिथं गेलो.

"विमान आलं होतं इथून," मी म्हणालो. "बघितलंस?"

"इमान व्हय त्ये? ढग हुतं समदं. आवाज आला, मला वाटलं पेवातनंच आला. मी वाकून बसले हुते, वर बघितलंच न्हाई."

"उभी नव्हतीस? कंदील घेऊन?"

"कंदील? त्यो तर खुटीला हाय. मी पनती आनली हुती."

"आणि दादा?"

"घरात. बैलं बुजली हुती, त्येंच्यापाशी."

मी मनाशी म्हणालो, घोंगडीतली बाई, हातात पणती, ढगातून अर्धा क्षण दिसलेली. घाबरलेल्या माणसाला ती कंदीलवाला पुरुष वाटू शकते. असंच झालं असणार. आजही माझं तेच म्हणणं आहे, आणि मी ते तीनदा म्हणतो.

मग मी तिला सांगितलं. रेग्यांना सांगण्यापेक्षा हे जड गेलं. "आये, आज मी पारा बघितला नाही. बघितला म्हणून खोटाच लिहिला. ते विमान डोंगरावर आपटणार होतं."

 कुठूनतरी पाणी ठिबकत होतं. आईनं पणतीभोवतीचा हात काढला.

"भावजींनीबी कंदील सोडला न्हवता," ती म्हणाली. वीस वर्षांत पहिल्यांदा. "असाच दिस हुता, पिवळा. मी म्हनले, भावजी, आदी ह्यो सोडा. तर म्हनाले, 'वैनी, कालच तर उतरलो हुतो, आज काय बघायचं त्यात.' हसत उतरलं. मी कंदील हातात घिऊन हितंच उबी हुते."

मी खाली बघितलं. भेगेतून आवाज येत नव्हता. पणतीची ज्योत कलली होती, पण लहानपणी बघायचो तशी बाहेर नव्हे. ती चिपेकडे, भेगेकडे, आत वाकली होती. वादळ पुढे गेलं होतं, पारा चढत होता, आणि पेव सकाळपासून सोडलेला श्वास परत घेत होतं. हे मला समजत होतं, आणि त्या पिवळ्या दिवशी दाब उतरताना जमिनीतली कोंदट हवा एका रात्रीत पेवात कशी भरली असेल, तेही. मी उठलो, घरात जाऊन खुंटीवरचा कंदील काढला, पेटवला आणि आणून तिच्या हाताशी ठेवला.